तुपातली सरकी

ताप उतरला, खोकला थांबला, पायांत गच्चीपर्यंत जाण्याइतके बळ आले. गंध मात्र परतला नाही. आमच्या भागात सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. त्या मोठ्या साथीतून मामा उठले तेव्हा त्यांच्या पुढ्यातल्या चहातून पूर्वीसारखीच वाफ निघे, पण त्या वाफेला आता त्यांच्याशी काही बोलायचे नसे. कप नाकाशी धरून ते कितीतरी वेळ थांबत. मग एक घोट घेऊन कप खाली ठेवत आणि माझ्याकडे असे पाहत, जणू मी काही लपवले आहे.

"चहापत्ती बदलली व्हय गं?"

"नाही मामा. तीच आहे, पैठण गेटच्या दुकानातली."

"मंग दुकानदार बदलला आसंल."

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावले होते. नाकाला आजाराचा चटका बसला आहे, हळूहळू सुधारेल, कदाचित पुरते सुधारणारही नाही. मामांनी सगळे ऐकून घेतले, मान हलवली. पण कडब्याच्या गंजीत हात न घालता आतली बुरशी ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला आपल्या नाकावर संशय घेणे जड होते. त्यापेक्षा जगावर संशय घेणे सोपे. हिंग हातात घेऊन ते म्हणाले, "डिंकाचा खडा दिलाय तुमाला." उदबत्तीला म्हणाले, "निस्त्या काड्या जाळायलेत." दुधाला तर त्यांनी नावच ठेवले, पांढरं पाणी.

सुरुवातीला आम्ही हसलो. माझे पती संध्याकाळी बँकेतून आले की विचारत, "आबांनी आज कोणाला पकडलं?" आणि मी दिवसभरातल्या आरोपींची नावे सांगे. "त्यांच्या हिशेबानं गुलमंडीच्या बाजारात एकही इमानदार माणूस उरलेला दिसत नाही," असे ते म्हणत आणि मामाही त्या हसण्यात थोडे सामील होत. मग एका दुपारी त्यांनी तुपाला हात घातला.

ते तूप गावाहून आले होते. मामा मूळचे पाचोडच्या अलीकडच्या एका खेड्यातले. आजारापर्यंत ते तिथेच, धाकट्या मुलाकडे राहत. औषधपाण्यासाठी आम्ही त्यांना शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी आणले. दीर आणि धाकटी जाऊ गावीच राहिली आणि तिथून मामांसाठी तूप येत राहिले, कडीच्या डब्यात, झाकणाला पांढरे फडके बांधून. गोठ्यातल्या म्हशी मामांनीच वाढवलेल्या. गाव सोडताना ते फाटकाशी वळून एवढेच बोलले होते, "गोठा रिता ठिवू नका." सुनेने भाकरीवर तूप वाढावे आणि ते भाकरीच्या पापुद्र्यात मुरेपर्यंत त्यांनी वाट पाहावी, हा त्यांचा जेवणातला एक लहानसा विसावा असे. त्या दुपारी त्यांनी पहिला घास घेतला, चावणे थांबवले आणि ताट पुढे सरकवले.

"यात डालडा हाय."

हिंगवाला, दूधवाला हे परके होते. डालड्याचा आरोप मात्र थेट एका बाईच्या चुलीपाशी जाऊन थांबत होता. त्यांनी तो तिथे पोचवलाही, फोन लावून मुलाला विचारले, "तुझी बायकू लोण्यात काय घालती रं?" पलीकडे फोन कोणाच्या हातात होता ते मला ठाऊक नाही. पण रात्री दिरांचा माझ्या पतींना फोन आला, की ती जेवली नाही, नुसती रडते आहे.

त्यानंतर घरातले हसणे बंद झाले. पती एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन आले आणि मामांना कसे सांगावे यावर आम्ही स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलत राहिलो. म्हातारपणी डोके असे फिरते, असे पतींचे म्हणणे. मला ते नाकारता येत नव्हते. मामांनी ते ऐकले असावे. ते तुपाला शिवेनासे झाले, मग भाकरीलाही नुसता हात लावू लागले. एका सुट्टीच्या दिवशी गच्चीत मी वाळत घातलेले कपडे काढत होते. ते कठड्यापाशी खुर्चीत बसले होते. ऊन कलले होते आणि सुती धोतराला उन्हाचा तो कोरडा, भाजल्यासारखा वास येत होता. तो वास त्यांच्यापर्यंत जात नाही, हे त्या क्षणी मला फार जाणवले.

"बाई, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना मामा."

"मला येड लागायलंय का?"

मी कपडे हातात धरून उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "माझा थोरला चुलता असाच गेला. अन्नात इख घालतेत म्हणायचा. सख्ख्या लेकीच्या हातचं खाईना झाला. आमी पोरं दाराच्या फटीतून त्याला बगायचो अन् हसायचो. त्याला शेवटपतुर वाटायचं, आपलंच खरं हाय." त्यांनी कठड्यावर हात टेकला. "मला बी वाटतंय, माझंच खरं हाय. म्हून भ्या वाटतं."

मी म्हणाले, "मामा, ते तूप मी तपासते. माझं रोजचं कामच आहे ते."

त्यांनी आता मान वळवली. "अन् खोटं निघालं तर?"

"तर तसंच सांगेन."

"अन् खरं निघालं तर?" उत्तर त्यांनीच दिले. "तर मंग मला त्या डाक्टरकडं घिऊन चला. मी काय बोलनार नाय."

ते तूप शुद्ध निघणार याची मला खात्री होती, आणि ती खात्री शास्त्राची नव्हती, नाकाची होती. सासरी लोणी कढत आले, की बेरीला बदामी रंग चढता चढता त्यात एक विड्याचे पान सोडतात. पान तडतडते, कडा आत वळवून घेते आणि पापडासारखे कुरकुरीत होऊन वर येते. ते कोणी खायचे यावर लहान मुलांत भांडणे होतात. त्या पानाची एक तिखट-हिरवी झाक तुपात राहून जाते, ओल्या मातीवरून सावली सरकावी तशी. डबा उघडताच ती झाक माझ्याकडे आली होती. कवितेच्या वर्गात आमच्या बाई म्हणत, वृत्त कानाने ओळखावे, मात्रा नंतर मोजाव्यात. मी तूप नाकाने ओळखले होते. मोजायचे ते केवळ मामांच्या समाधानासाठी.

पैठण रस्त्याला, चितेगावच्या अलीकडे, एका खासगी प्रयोगशाळेत मी तेव्हा काम करीत असे. तेल, तूप, लोणी हा माझा विभाग. तिथे एक ज्येष्ठ सहकारी होत्या, त्यांना आम्ही सारे आपा म्हणत असू. शहागंजच्या जुन्या घरातल्या. मराठी आणि दखनी त्यांच्या बोलण्यात दुधात साखर मिसळावी तशा मिसळत, आणि यंत्र गरम व्हायला वेळ लागला तर तेवढ्यात त्या एखादा शेर म्हणून घेत. मी सासऱ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "सासऱ्याने सुनेला पकडलं, अन् फैसला दुसऱ्या सुनेच्या हाती! ऐसी अदालत हमने नहीं देखी. लाव, नमुना लाव."

वनस्पती तुपाच्या परीक्षा झाल्या. काही सापडले नाही. मग यंत्रात तुपातले वेगवेगळे स्निग्धांश एकामागून एक सुटे होऊन बाहेर आले आणि पडद्यावर शिखरांची रांग उमटली: तुपालाच शोभणारी बुटकी शिखरे आधी, मग उंच, मग पुन्हा उतार. कुठेही परके तेल नाही. दुधाचे, म्हशीचे, निर्भेळ तूप. आपांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुबारक हो मॅडम. तुमची देवरानी बाइज्जत बरी."

तिथे मी थांबायला हवे होते असे कोणी म्हणेल. पण जाऊ सुटली त्याच क्षणी मामा अडकले होते, आणि रिकाम्या हाताने त्यांच्यापुढे जाणे माझ्याने होईना. निदान एवढे तरी सांगता यावे, की तूप नुसते शुद्ध नाही, ते तुमच्या म्हशींचे आहे, आणि हे मी नाही, आकडे म्हणतात. आणि ते सांगण्याची सोय आमच्याकडे होती. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेने ओळखीचे नमुने जमवायला सुरुवात केली होती: कोणत्या गावचे, कोणत्या जनावराचे, ते जनावर काय खाते, हे ज्याच्याविषयी डोळ्यांनी पाहून माहीत आहे, असे तूप. पुढे कोणी अमुक भागाचे म्हणून तूप विकायला आणले, तर ते या ओळखीच्या सोयऱ्यांशेजारी ठेवून बघायचे. त्या संग्रहात पैठण तालुक्याचा एक नमुना मीच नेऊन दिला होता. मामांच्या गोठ्यातला.

आमचा भाग कापसाचा. वेचून, जिनिंगमध्ये बी वेगळे करून कापूस निघून जातो आणि मागे सरकी उरते, ती जनावरांच्या तोंडी लागते. दूध दाट येते, तुपाला जाड रवा धरतो. पण सरकी आपली एक खूण दुधात सोडते, दुधातून लोण्यात, लोण्यातून तुपात. गंधक विरघळवलेल्या एका द्रवाबरोबर असे तूप तापवले, की ते लाजल्यासारखे लाल होते. ही परीक्षा मुळात सरकीच्या तेलाची भेसळ पकडण्यासाठी निघाली. दुसऱ्या एखाद्या प्रांतात हा लाल रंग लबाडीची खूण ठरेल. आमच्या मातीत तो सचोटीच्या जनावरालाही येतो. म्हणून तर कापूसपट्ट्याचे तूप जुन्या नियमांतही वेगळ्या मापाने जोखले जाई. आमचे खरे तूप परक्या डोळ्यांना थोडे खोटे दिसते, हे मला त्या कामात नेहमीच हृद्य वाटत आले आहे.

मी मिठाच्या पाण्याला उकळी आणली. एका नळीत घरचे तूप, शेजारच्या नळीत बिडकीनकडचे, सरकी खाणाऱ्या म्हशींचे म्हणून ओळखीचे असलेले तूप. त्या द्रवाला कुजक्या कोबीचा वास येतो आणि त्यामागून, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा, एक गोडसर वास येतो; खिडक्या उघड्या ठेवून काम करावे लागते. बिडकीनच्या नळीत आधी गुलाबी ढग आला, तो खाली उतरला, डाळिंबाच्या दाण्याचा रंग झाला. घरची नळी फिकट पिवळी होती. मी वाट पाहिली. ती तशीच राहिली, पहाटेच्या आभाळासारखी निर्मळ, कुठेही लालीचा लवलेश नाही.

पुन्हा केले. पुन्हा तेच. मग जुन्या नमुन्याची शिखरे पडद्यावर आणून आजच्या शिखरांवर ठेवली. सरकी खाणाऱ्या म्हशीच्या तुपात जो कडक अंश डोके वर काढतो, तो जुन्या रेषेत ताठ उभा होता, नव्या रेषेत खांदे पाडून बसलेला. इतरही ठिकाणी रेषा एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

आपा माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. "यंदा सरकी दिली नसंल. ऐसा भी होता. पूछ तो लेव."

मी तिथूनच जावेला फोन लावला. तब्येतीचे बोलून झाले आणि मग सहज विचारावे तसे विचारले, म्हशींना सरकी चालू आहे ना.

"व्हय की! रोज सांजच्याला भिजू घालते. कामून इचारलं, ताई?"

"सहजच. तुपाचा रवा बारीक वाटला म्हणून."

"थंडी कमी हाय ना औंदा," ती घाईने म्हणाली, आणि चुलीवर दूध ठेवले असल्याचे सांगून तिने फोन ठेवला.

आपा म्हणाल्या, "जाके आव एक बार. इथं बसून नक्को बोलू काही."

रविवारी मी एकटीच एसटीने पाचोडला उतरले आणि तिथून काळी-पिवळी करून गावात गेले. फाटकातून शिरताना जो वास समोर यावा अशी माझ्या पायांची सवय होती, तो आला नाही. शेण, ओला कडबा, भिजलेल्या सरकीचा आंबूस दरवळ, म्हशीच्या कातडीची ऊब, हे सगळे मिळून त्या घराचा एक उंबरा होत असे. तो उंबरा न लागताच मी आत आले. गोठ्यातली जमीन कोरडी होती. खुंट्यांशेजारी दिरांची मोटारसायकल उभी होती आणि सरकी भिजवायच्या दगडी कुंडात साबणाच्या पाण्यात कपडे पडलेले होते.

जाऊ स्वयंपाकघराच्या दारात आली, मला पाहून थांबली, मग माझी नजर कुठे आहे हे पाहून तिथेच बसली. कमरेला पट्टा होता. बसताना तिने दाराची चौकट धरली.

"चहा टाकते," ती म्हणाली, पण उठली नाही.

मीच आत जाऊन चहा ठेवला. मी पाठमोरी असताना ती बोलू लागली. माणसाला समोरून सांगता येत नाही ते पाठीला सांगता येते. मामा शहरात गेले, मग तिच्या मणक्याचे ऑपरेशन झाले. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही. दीर चितेगावच्या कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. गडी मिळेना, मिळाला तो टिकेना. "धार काढायला आठ दिस शेजारच्या काकू आल्या. त्यायच्या घरची जनावरं सोडून किती दिस येतील? तिसरी म्हस तर दुसऱ्या कुणाला उभी राहू देईना. वरडायची लई. मग ह्यांनी देऊन टाकल्या." मग म्हणाली, "मामाला सांगायचं तर सगळ्यायला भ्या. दवाखान्यातून नुकते आलेले."

"मग हे तूप?"

"ह्यांच्या कंपनीत एक बिहारी भाऊ हाय. त्याच्या गावाकडून कोण ना कोण येतं, तवा आणतेत. त्याच्या आईच्या हातचं हाय, ताई. डालडा नाय, देवाशपथ."

"ठाऊक आहे. मी तपासलं."

"तपासलं?" तिने मान वर केली. रडण्याच्या काठावर असतानाही तिच्या चेहऱ्यावर हसू आले. "तरी मी ह्यांना म्हणले व्हते. म्हणले, ताई तुपावाल्या हायेत, धरत्याल."

"पण पानाचा वास होता त्याला. मला वाटलं, घरचंच."

"मी कढवलं ना पुन्यांदा. पान टाकून."

"मामांसाठी? त्यांना तर वासच येत नाही गं."

"त्यायला नाय येत, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमाला येतो की."

मी चहाचे कप घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. मला राग यायला हवा होता, पण कमरेला पट्टा बांधून, आधीच कढवलेले तूप पुन्हा आचेवर ठेवून, त्यात पान सोडणारी ती माझ्या डोळ्यांपुढून हलेना. परक्या गावच्या कुण्या आईचे निर्मळ तूप तिने आमच्या घराचे केले होते, आणि ते तिने इतके मनापासून केले होते की मी फसले. फसले नव्हते ते एकटे मामा, आणि तेही एका चुकीच्या कारणाने. त्यांनी हिंगाला जसे खोटे म्हटले तसेच तुपाला म्हटले होते. बाण आंधळा होता. नेमका जागेवर लागला एवढेच.

दीर दिवसपाळीहून आले. मला पाहताच त्यांनी सगळे ओळखले आणि हेल्मेट हातात घेऊन गोठ्यातच उभे राहिले. "वैनी, आबाला सांगू नका. आदीच त्यांचं डोकं..." पुढचे त्यांनी हाताने दाखवले.

"भाऊजी, त्यांचं डोकं ठीक आहे," मी म्हणाले. "आपण सगळे मिळून त्यांना पटवतोय, की ठीक नाही." आणि गच्चीतले सगळे सांगितले. तो थोरला चुलता, दाराची फट, आपलेच खरे वाटते म्हणून भीती वाटते, हे मामांचे शब्द. तूप खरे निघाले तर मी डॉक्टरकडे चुपचाप येईन, हा त्यांचा शब्दही.

बोलली ती जाऊ. "असं म्हणाले? म्हंजी मी त्यायला येडं ठरवायले?"

"तू नाही गं..."

"मीच की. डबा कोण बांधतंय?" ती चौकट धरून उठली. "थांबा ताई. मी येते तुमच्यासंगं."

"एसटीनं?" दीर म्हणाले. "तुझी कंबर..."

"कंबर माझी हाय, सासरा बी माझा हाय," ती म्हणाली आणि लुगडे बदलायला आत गेली. शेवटी दिरांनी कोणाची तरी गाडी आणली आणि आम्ही तिघे शहरात आलो. शहराच्या अलीकडे कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या तेव्हा जावेने एकदा विचारले, "लई रागावत्याल का?" मी म्हणाले, मला माहीत नाही. मला खरेच माहीत नव्हते.

मामा बैठकीत होते. तिने डोक्यावरून पदर घेतला, त्यांच्या पाया पडू लागली तर वाकता येईना. तिने त्यांच्या गुडघ्याला नुसता हात लावला.

"मामा, तूप घरचं नव्हतं. म्हशी इकल्या आमी."

खोलीत पंखा फिरत होता. माझे पती दारात उभे होते. त्यांना तोवर काहीच ठाऊक नव्हते. मामांनी तिच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"डालडा?"

"नाही मामा. तूप शुद्ध आहे. ते तुमचं चुकलं. पण आपलं नाही. आपल्या भागाचंच नाही ते, फार लांबचं आहे. सरकी न खाल्लेल्या म्हशीचं. मी दोनदा पाहिलं."

मामा म्हणाले, "म्हंजी अर्धाच येडा हाय मी."

कोणाला हसू आधी फुटले ते आठवत नाही, पण त्यात जावेचे रडणे मिसळले होते. मामांनी हात एकमेकांत घट्ट धरले आणि सोडले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा श्वास पोटापर्यंत गेलेला मी पाहिला. दुःख त्यामागून आले. "कुणाला दिल्या?" त्यांनी विचारले. दिरांनी वस्तीवरच्या एका घराचे नाव सांगितले. "तिसरीचं पारडू?" "संगंच दिलं, आबा." "तोडलं नाय ना त्याला तिच्यापासनं?" "नाय." "मंग बरं केलं," असे म्हणून ते भिंतीकडे वळून बसले, आणि आम्ही त्यांना तसेच बसू दिले.

जेवायच्या वेळी त्यांनी जावेला शेजारी बोलावले. तिच्या पट्ट्याकडे पाहून विचारले, "हे कवापसनं?" ती सांगू लागली आणि ते ऐकत राहिले. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् हिंगाचं काय निघालं?"

"हिंग खरा आहे, मामा. चहाही तोच आहे. तुम्हाला वास येत नाही, एवढंच."

या वेळी त्यांनी वाद घातला नाही. "तू म्हणतीस तर आसंल," ते म्हणाले आणि ते परके तूप त्यांनी भाकरीवर स्वतःच्या हाताने वाढून घेतले. डॉक्टरांची वेळ पतींनी रद्द केली.

गंध त्यांना पुढेही आला नाही. पण त्या दिवसानंतर संशय गेला आणि त्याच्या जागी चौकशी आली. डबा संपत आला तसे एका सकाळी ते काठी घेऊन दारात उभे राहिले. "इकतच आणायचं ना आता? मग मला दुकानी घिऊन चल. मी बगतो."

मी त्यांना शहागंजात नेले. तिथल्या एका जुन्या दुकानात खवा, लोणी, तूप मिळे. काचेमागे पितळी परातीत लोण्याचा गोळा ओल्या फडक्याखाली होता आणि तापल्या दुधाचा दाट गोड वास रस्त्यापर्यंत येत होता. दुकानदार मध्यमवयीन, दाढीला मेंदी लावलेले. त्यांनी मामांना स्टूल दिले, डब्याचे झाकण उघडून चमच्याच्या टोकावर थोडे तूप त्यांच्या तळहातावर ठेवले.

"सूंघके देखो चचा. एकदम खालिस."

"मला वास येत नाय," मामा म्हणाले. हे त्यांनी परक्या माणसापुढे पहिल्यांदाच म्हटले. तळहातावरचे तूप त्यांनी अंगठ्याने हळूच चोळून पाहिले.

"तो मेरी जबान पे भरोसा रखो. सोळा आणे खालिस हौ."

"खालिस तर आसंलच," मामा म्हणाले. "मी इचारलं, कुठलं हाय?"

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिले. मी मामांकडे पाहिले.

"कुठलं म्हणजे?"

"कुठल्या गावचं. म्हशी काय खात्यात तिथल्या?"

त्यांनी झाकण हातात धरून क्षणभर विचार केला, मग मागच्या दाराकडे वळून आपल्या भावाला हाक मारली. मामा स्टुलावर, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, अगदी निवांत, उत्तराची वाट पाहत बसले.